वरातीमागून घोडं: जमिनीवर बांधणाऱ्या आणि त्याला परवानगी देणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

बिल्डर, आर्किटेक्ट, इंजिनिअर, प्लॅन पास करणारे अधिकारी, हॉस्पिटल आणि शाळा चालवणाऱ्या संस्थांचे ट्रस्टी, तुम्हा सगळ्यांना एकाच पत्रात गाठतेय कारण प्रत्येकाला वेगळं लिहायला बसले असते तरी मजकूर हाच निघाला असता. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, म्हणजे इमारतीबाहेरची जमीन, पाणी, झाडं आणि बसायच्या जागा यांची आखणी करते, वीसेक वर्षं हेच करतेय, आणि या वीस वर्षांत मला कामाचे जेवढे फोन आले त्यातले बहुतेक एकाच सुरात सुरू झाले, "मॅडम, बिल्डिंग रेडी आहे, दोन महिन्यांत उद्घाटन आहे, जरा हिरवं करून द्या ना."

जरा हिरवं म्हणजे काय ते मला आता पाठ झालंय. गेटच्या दोन्ही बाजूंना एकसारखी ताडासारखी झाडं, मधे लॉनचा तुकडा, त्यावर आत जाऊ नये अशी पाटी, कडेने कापलेलं हेज, आणि जिथे दुसरं काहीच बसेना तिथे एक बाक, तोही भर उन्हात. असली कामं मी स्वतः केलीयत, एकदा नाही खूपदा, घर चालवायचं असतं, त्यामुळे मी कुठेतरी उंचावर उभी राहून तुम्हाला सुनावतेय असं प्लीज समजू नका. माझं म्हणणं एकच आहे आणि ते आत्ताच सांगून टाकते म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना पुढचं वाचायला नको: आम्हाला पहिल्या मीटिंगला बोलवा, जेसीबीचा दात जमिनीला लागायच्या आधी. शेवटी बोलावलंत तर आम्ही फक्त सजावट करू शकतो, आणि सजावटीने कोणाची तब्येत सुधारत नाही.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

काही वर्षांपूर्वी एका गृहप्रकल्पात चाळीसेक झाडं लावली होती. दुसऱ्या वर्षी अर्ध्याहून जास्त वाळली. रोप खराब दिलं म्हणून नर्सरीवर खापर फुटलं, मग पाणी कमी घातलं म्हणून माळीबुवांवर, आणि शेवटी फिरून फिरून माझ्यावर. मी म्हटलं एक झाड उकरूच या. वरची चार बोटं माती छान होती, लाल, भुसभुशीत, मीच आणायला लावलेली. त्याखाली कुदळ टाकली तर टण्ण आवाज आला. करडा थर, त्यात प्लॅस्टरचे तुकडे, फुटकी टाइल, पिळलेली बांधणीची तार, सिमेंटच्या गोणीची चिंधी. आणखी खाली गेलो तर खड्ड्याच्या तळाला पाणी साचलेलं, वर जमिनीला भेगा आणि खाली पाणी, त्याला गटारीसारखा वास येत होता. मुळं बघितली तर ती बाहेर गेलीच नव्हती, नर्सरीच्या पिशवीच्या आकारात गोल गोल फिरून दोरखंडासारखी झाली होती, एका बाजूला तर काळ्या पिशवीचा तुकडा तसाच चिकटलेला. माळीबुवा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हे झाड बुडून मेलंय, आणि आम्हाला वाटत होतं तहानेनं चाललंय, म्हणून रोज दोन बादल्या जास्त ओतत होतो."

त्या जागेवर दीड वर्ष क्रेन उभी होती. काम सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात वरची चांगली माती खरवडून ट्रकने कुठेतरी टाकून दिली होती, आणि उरलेल्या जमिनीवरून काँक्रीटच्या गाड्या ये-जा करत होत्या. हे मला कोणी सांगितलं नाही हे खरं, पण मीही विचारलं नाही, खाली दोन फूट उकरून बघितलं नाही, ड्रॉइंगवर खड्ड्याचं माप टाकलं आणि सही केली. माझी चूक आहे ती. पण समजा उकरून बघितलं असतं तरी त्या वेळी काय करणार होते मी, उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या.

मातीबद्दल जरा सविस्तर बोलू दे, कारण सगळं इथेच बिघडतं आणि नेमकं याच्यावर कोणी पाच मिनिटंही घालवत नाही. चांगल्या मातीचा साधारण अर्धा भाग पोकळ असतो, काही पोकळ्यांत पाणी, काहींत हवा. मुळांना श्वास घ्यायला ती हवा लागते. जड गाडी फिरली की या पोकळ्या मिटतात, आणि वाईट गोष्ट अशी की बहुतेक नुकसान पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच होतं, म्हणजे "फक्त एकच आठवडा इथून ट्रक नेतो" याला काही अर्थ नाही. ओल्या मातीवरून नेला तर आणखीच. एकदा दबलेली माती वरून खत टाकून सुटत नाही, खोलवर फोडावी लागते, सेंद्रिय खत कालवावं लागतं, आणि तरीही पूर्वीसारखी व्हायला वर्षं जातात. आणि लोकांच्या डोक्यात झाडाचं जे चित्र असतं ना, जेवढं वर तेवढंच सरळ खाली मूळ, ते बरंचसं चुकीचं आहे. पाणी आणि अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हातातच असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. म्हणून मोठ्या झाडाला पंचवीस-तीस घनमीटर मोकळी माती द्या म्हणतात, आणि आपण देतो एक मीटर लांब, एक रुंद, एक खोल, म्हणजे एक घनमीटर, वर चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक. मग ते झाड पाच वर्षांनी पेव्हर उचलतं आणि आपण म्हणतो झाडं त्रास देतात. अहो, त्याने काय करायचं!

यावरचा उपाय फार महाग नाही, फक्त तो पहिल्या दिवशी करावा लागतो. जिथे पुढे झाडं येणार त्या पट्ट्याला काम सुरू व्हायच्या आधी कुंपण घालायचं आणि आत ना ट्रक ना विटांचा ढीग. वरची माती अलगद काढून वेगळी साठवायची, ढीग दीड-दोन मीटरपेक्षा उंच करायचा नाही नाहीतर आतली माती गुदमरते. हे सगळं टेंडरमध्ये लिहायचं, दंडासकट, कारण साइटवर तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. आणि बेसमेंट प्लॉटच्या चारी कडांपर्यंत नेऊ नका हो. स्लॅबवर दोन फूट माती टाकून तिला बाग म्हणता येतं, पण मोठं झाड तिथे म्हातारं होत नाही.

हे काही माझं नवीन डोकं नाही. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क सगळ्यांनी फोटोत बघितलंय, आमच्या धंद्याची सुरुवात करणाऱ्या ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीचा आराखडा १८५८ मध्ये निवडला गेला. आज ते बघून वाटतं शहराने तिथलं जुनं जंगल सांभाळून ठेवलं असेल. छे, ती खडकाळ आणि दलदलीची जागा होती, सुरुंग लावून खडक फोडले, शेजारच्या न्यू जर्सीतून माती आणली, आणि झाडांच्याही आधी पाण्याचा निचरा व्हावा म्हणून जमिनीखाली मैलोन्मैल मातीच्या नळ्या घातल्या. ते निचऱ्याचं काम बघणारा इंजिनिअर होता जॉर्ज वेअरिंग, आणि हाच माणूस पुढे १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या साफसफाई खात्याचा प्रमुख झाला आणि त्याने शहराचे रस्ते कचऱ्यातून बाहेर काढले. ओल्मस्टेड स्वतः अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात सैनिकांच्या छावण्यांतली स्वच्छता आणि आरोग्य बघणाऱ्या सॅनिटरी कमिशनचा सचिव होता. म्हणजे आमचा हा धंदा जन्मला तोच आरोग्याच्या घरात, फुलांच्या प्रदर्शनात नाही. गंमत म्हणजे त्या काळी ही मंडळी दूषित हवेने रोग होतात असं मानायची, थिअरी चुकीची होती, पण त्यापायी साचलेलं पाणी काढलं, मोकळी जागा राखली, आणि काम बरोबर झालं.

आणि त्याच पार्कसाठी सेनेका व्हिलेज नावाची वस्ती १८५७ मध्ये उठवली, मुख्यतः कृष्णवर्णीय लोकांची, त्यातल्या अनेकांची स्वतःची घरं आणि जमिनी होत्या, चर्च होती, शाळा होती. हे आमच्या कॉलेजात शिकवताना कोणी सांगितलं नव्हतं. मुद्दाम सांगतेय, पुढे याच्यावर परत येणार आहे.

आता पाणी. इथे एक साधा हिशोब करून दाखवते, मीटिंगमध्ये हा नेहमी चालतो. एक हजार चौरस मीटर छप्पर किंवा पार्किंग घ्या. त्यावर फक्त दहा मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी? दहा हजार लिटर. तासाभरात पन्नास मिलिमीटर कोसळला तर पन्नास हजार. आधी तिथे गवत-माती होती तेव्हा यातलं बरंचसं जिरत होतं, आता काँक्रीट आहे तर जवळपास सगळंच वाहतं, आणि तुम्ही म्हणता पाइप मोठा टाका. तुमच्या पाइपातून ते खालच्या माणसाच्या दारात जातं, तो आणखी मोठा पाइप टाकतो, असं करत करत सगळ्यात सखल भागात जो राहतो, आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात गरीब असतो, त्याच्या घरात शिरतं.

कोपनहेगनला हे २ जुलै २०११ ला कळलं. ढगफुटीसारखा पाऊस, तळघरं भरली, रस्ते बुडाले, प्रचंड नुकसान. पुढच्या वर्षी त्यांनी ढगफुटीसाठी वेगळा आराखडा केला, त्यात फक्त मोठे पाइप नाहीत, तर रस्ते, चौक आणि बागाच अशा करायच्या की पाऊस आला की त्या पाणी धरतील. एंगहावे पार्क म्हणून जुनी बाग आहे तिथली, तिच्यात आता साधारण २२,६०० घनमीटर पाणी मावतं. रोज तिथे मुलं खेळतात, लोक बसतात, आणि मोठा पाऊस आला की तीच बाग टाकी होते. सिंगापूरने बिशान पार्कच्या कडेने जाणारा २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा नाला फोडला आणि त्याची ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, काठाला गवत आणि झाडं, २०१२ मध्ये ती जागा लोकांना परत खुली झाली. कोरड्या दिवशी लोक अगदी पाण्यापर्यंत जातात, पाणी चढायला लागलं की भोंगा आणि दिवे लागतात आणि सगळे वर सरकतात. नदीला पसरायला जागा दिली म्हणून तिथे बाग मिळाली, नाल्याला भिंत घातली असती तर फक्त भिंत मिळाली असती.

सगळीच उदाहरणं धुतल्या तांदळासारखी नाहीत हेही सांगते. सोलमधल्या चोंगेचॉन या ओढ्याचं उदाहरण प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतं, वरचा हायवे पाडून २००५ मध्ये जवळजवळ सहा किलोमीटरचा ओढा उघडा केला. लोक तिथे जातात, शहराला विसावा मिळाला, सगळं मान्य. पण त्यात वाहणारं बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडतात. म्हणजे ओढ्याचं रूप परत आलं, ओढा पूर्ण परत आला नाही. मला ते काम तरीही आवडतं, पण तुमच्यासमोर कोणी नुसते फोटो ठेवले की विचारत जा, पाणी येतं कुठून आणि जातं कुठे.

डासांचं काय, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देते. पाणी मुरवणारा खोलगट बगीचा नीट केला तर एक-दोन दिवसांत रिकामा होतो, आणि डासाला अंड्यापासून उडायला लागेपर्यंत साधारण आठवडा लागतो. डास होतात ते तुंबलेल्या चेंबरमध्ये, गच्चीवरच्या उघड्या टाकीत आणि साइटवर पडलेल्या रिकाम्या डब्यांत. पण "नीट केला तर" हे शब्द महत्त्वाचे आहेत, खालची माती दाबलेली असेल तर तो बगीचा डबकंच होणार, म्हणजे आपण परत मातीवर आलो.

आरोग्य हा शब्द तुमच्या ब्रोशरमध्ये असतो, हिरव्या अक्षरांत, त्याबद्दल जरा. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांचा एक छोटा अभ्यास आला होता, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, एकाच हॉस्पिटलचे, २३ जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले जवळपास एक दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. एकाच हॉस्पिटलचा अभ्यास आहे, त्यावरून झाड लावलं की रोग पळाला असं मी म्हणणार नाही, जे म्हणतात ते विकायला बसलेत. पण हॉस्पिटल बांधणाऱ्यांनो, खिडकी तर तुम्ही ठेवणारच आहात ना, मग तिच्यासमोर जनरेटर न ठेवता झाड ठेवायला किती जास्त लागतं? काही लागत नाही, फक्त जनरेटरची जागा ठरते त्या मीटिंगला मला बोलवावं लागतं.

मला मात्र दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि एरवीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर दोन शेजारशेजारच्या वस्त्या तपासल्या, नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे, ऊन तर सारखंच. पण उत्तरेकडच्या वस्तीत मृत्यूचं प्रमाण दक्षिणेकडच्या जवळजवळ दहापट होतं. फरक काय होता, तर एकीकडे दुकानं बंद, प्लॉट ओसाड, फुटपाथवर चिटपाखरू नाही, म्हातारी माणसं भीतीने दारं-खिडक्या लावून आत. दुसरीकडे फुटपाथ गजबजलेले, खाली उतरायला काहीतरी कारण, सावलीला आणि गारव्याला जायला जागा, आणि दोन दिवस दिसले नाहीत तर विचारणारं कोणीतरी. म्हणजे बघा, रस्त्याची रुंदी, दुकानाचं दार कुठे उघडतं, झाड कुठे, बाक कुठे, यावर कोण जगलं आणि कोण गेलं हे काही प्रमाणात ठरलं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्यानंतर बाकाची जागा ठरवताना हात जरा थांबायला लागला.

तर बाक. तुम्ही हसाल, पण मी बाकावर तासभर बोलू शकते. सावलीत हवा, आणि ऊन सकाळी, दुपारी, संध्याकाळी कुठे असतं ते बघून, कारण नकाशावर झाडाशेजारी असलेला बाक दुपारी तीनला उन्हातच असू शकतो. पाठ टेकायला हवी, आणि हात ठेवायला दांडे हवेत कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना जोर लावायला काहीतरी लागतं. समोर बघायला काहीतरी हवं, आणि सगळ्यात बघण्यासारखं काय असतं तर माणसं. विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून वर्षानुवर्षं निरीक्षण केलं आणि त्याच्या हाती जे लागलं ते इतकं साधं की हसू येतं, माणसं तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. आणि तुम्ही काय करता? कट्ट्यावर लोखंडी खिळे ठोकता, बाकाच्या मधोमध दांडा घालता, कोणी झोपू नये म्हणून, आणि मग तिथे कोणीच बसत नाही, आणि मग ती जागा असुरक्षित वाटायला लागते, आणि मग तुम्ही गार्ड आणि कॅमेऱ्याचं बजेट मागता!

कोण येतं आणि कोण येत नाही हेही मोजायला हवं. व्हिएन्नात नव्वदच्या दशकात त्यांनी मोजलं तर लक्षात आलं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत यायच्या कमी होतात, मुलगे मात्र येत राहतात, कारण मैदान एकच आणि ते ज्याचा आवाज मोठा त्याचं. मग १९९९ पासून त्यांनी दोन बागांत बदल करून बघितले, वाटा वाढवल्या, मोठ्या मैदानाचे छोटे भाग केले, व्हॉलीबॉलसारख्या खेळांना जागा दिली, आणि मुली परत दिसायला लागल्या. यात एकही गोष्ट महाग नाही. तसंच रॅम्प, बारा फुटांत एक फुटाहून जास्त चढ नको, हे सगळ्या ड्रॉइंगमध्ये असतं, पण रॅम्प संपतो तिथे झाकणाची फट असते आणि व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक त्यात अडकतं, हे ड्रॉइंगमध्ये नसतं. आणि टॉयलेट! बागेत टॉयलेट नसेल तर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलांचे आईबाप अर्ध्या तासाच्या वर थांबत नाहीत, मग तुम्ही कितीही कारंजी लावा.

जागाच नाही म्हणणाऱ्यांसाठी एक. आल्डो व्हान आइक नावाचा तरुण आर्किटेक्ट दुसऱ्या महायुद्धानंतर आम्स्टरडॅम पालिकेत नोकरीला होता. १९४७ मध्ये त्याने एका छोट्या चौकात पहिलं खेळाचं मैदान केलं, वाळूची चौकट, गोल दगडी ठोकळे, उलटं सुलटं लटकायला लोखंडी पाइप, बाक आणि झाडं, बस. पुढच्या तीस वर्षांत अशी सातशेच्या वर झाली, पाडलेल्या घरांच्या रिकाम्या प्लॉटवर, रस्त्याच्या बेचक्यात, जिथे कचरा पडायचा तिथे. कित्येक तर आजूबाजूच्या रहिवाशांनी पत्र लिहून मागून घेतलेली. तेव्हा जागा नाही हे कारण मला फारसं पटत नाही, जागा असते, तिच्यावर ट्रान्सफॉर्मर किंवा साहेबांची गाडी उभी असते.

आमच्या लोकांचंही जरा काढते, नाहीतर तुम्ही म्हणाल स्वतःवर आलं की गप्प. आम्ही तुम्हाला जी रंगीत चित्रं दाखवतो त्यातली झाडं तीस वर्षांची असतात आणि साइटवर येतं ते हाताच्या अंगठ्याएवढं रोप, हे आम्ही सांगत नाही. सुंदर दिसतं म्हणून भरपूर पाणी पिणारं लॉन आम्हीच देतो. आणि मघाशी सेनेका व्हिलेजचं बोलले ते आजही वेगळ्या रूपात चालू आहे. न्यूयॉर्कच्याच हाय लाइनचा पहिला टप्पा २००९ मध्ये उघडला, जुन्या रेल्वेच्या पुलावर केलेली बाग, काम म्हणून मला आजही हेवा वाटतो, पण तिच्या आजूबाजूची घरं इतकी महागली की जुन्या भाडेकरूंना तिथे राहणं परवडेना. बाग केली की जमिनीचा भाव वाढतो, हे तर तुम्ही ब्रोशरमध्येच छापता. मग ज्यांच्या तब्येतीसाठी बाग केली तेच उठून गेले तर तिचा फायदा कोणाला झाला? यावर माझ्या ड्रॉइंगमध्ये उत्तर नाही, कारण घरभाडं आणि परवडणारी घरं हे तुमच्याकडचे विषय आहेत, प्लॅन पास करणाऱ्यांकडचे. बागेची फाइल आणि घरांची फाइल एकाच टेबलावर ठेवा एवढंच म्हणेन.

मेंटेनन्सवर थोडक्यात. लावलेली झाडं मोजणं बंद करा, जगलेली मोजा. पहिली तीन वर्षं पाणी, आळं, आच्छादन, आधाराची काठी वेळेत काढणं (काठीची दोरी खोडात रुतून मेलेली झाडं मी मोजायचं सोडून दिलंय), याचे पैसे लावणीच्या टेंडरमध्येच घाला आणि कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिल तीन वर्षांनी जगलेल्या झाडांवर काढा. आणि माळ्याला मीटिंगला बसवा. ज्या साइटवर माळीबुवा पहिल्या वर्षापासून होते आणि बदलले नाहीत त्या साइटवर झाडं जगली, हा माझा स्वतःचा अनुभव आहे, याला दुसरा पुरावा नाही.

तुम्हाला आकडे आवडतात म्हणून एक सोपा आकडा देऊन ठेवते. शहरातल्या झाडांचा अभ्यास करणाऱ्या सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये ३-३०-३०० असा नियम मांडला: प्रत्येक घरातून निदान ३ झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी, आणि जवळची बरी बाग ३०० मीटरच्या आत असावी. कोरड्या प्रदेशात ३० टक्के ओढूनताणून करू नये, तिथे त्यासाठी पाणी आणायचं कुठून, पण खिडकीतून झाड दिसतं का हे तपासायला कोणताही सर्व्हे लागत नाही. तुमच्या पुढच्या प्रोजेक्टच्या सगळ्यात स्वस्त घराच्या खिडकीत उभे राहा आणि मोजा. सगळ्यात स्वस्त घराच्या म्हणतेय, सॅम्पल फ्लॅटच्या नाही.

आणि एक काम, याला अर्धा दिवस लागेल. पुढच्या साइटवर काहीही सुरू व्हायच्या आधी, जिथे झाडं येणार म्हणून नकाशावर हिरवा रंग मारलाय तिथे फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा खणा. स्वतः जा, माणूस पाठवू नका. खणताना कुदळ कशी जाते, वास कसा येतो, गांडूळ दिसतं का ते बघा. खड्डा पाण्याने भरा, एकदा पूर्ण मुरू द्या, मग परत भरा, पट्टी उभी करा आणि तासाभरात पाणी किती सेंटीमीटर उतरलं ते लिहून ठेवा. दोन-तीन उतरलं तर छान. एकही उतरलं नाही तर तिथे झाडं लावायच्या आधी आपल्याला बरंच बोलायचंय. पहिल्या मीटिंगला तो आकडा घेऊन या, मी कोरा कागद घेऊन येते.

तुमचीच,
शेवटी बोलावलेली एक लँडस्केप आर्किटेक्ट